गर्भारपणातील न थांबणाऱ्या उलट्या आणि थायमिनची कमतरता

केतकी_व यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना सरत आला आहे. गेला दीड महिना तिला इतक्या उलट्या होत आहेत की फोडणीचा वास आला तरी ती उठून मोरीकडे धावते आणि घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. पहिलटकरणीला असे होतेच, असे म्हणून सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी ते डोहाळ्यांवर ढकलले. मध्यंतरी गावातल्या दवाखान्यात तिला दोन-तीनदा ग्लुकोजचे सलाईन लावले, त्याने तिला तेवढ्यापुरती तरतरी येई. गेल्या आठवड्यात मात्र तिला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, भिंतीला धरल्याशिवाय चालता येईना आणि बोलता बोलता ती मध्येच हरवल्यासारखी होऊ लागली. हे सगळे अशक्तपणामुळे होत असावे असे घरच्यांना वाटत होते, तरी दिरांनी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोर बोट डावीकडे-उजवीकडे नेऊन हालचाल पाहिली, सिस्टरने तयार ठेवलेली ग्लुकोजची बाटली बाजूला ठेवायला सांगितली, आणि साध्या मिठाच्या सलाईनच्या लहान बाटलीत थायमिनची इंजेक्शने घालून ती आधी सोडली. ग्लुकोज त्यानंतर दिले. दुसऱ्या दिवशीच दोन-दोन दिसणे कमी झाले. आता ती शुद्धीवर व्यवस्थित आहे, मात्र चालताना तोल अजून जातो. डॉक्टरांनी घाईत एवढेच सांगितले की शरीरातले ब-१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, संपल्यामुळे मेंदूवर परिणाम झाला होता.

माझ्या सासूबाईंना हे फार लागले आहे. ‘आमच्या घरात खायला काय कमी आहे?’ असे त्या सारख्या म्हणतात. याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारी बेरीबेरी हा उपाशी माणसांचा रोग म्हणून शाळेत शिकल्याचे मलाही आठवते. चांगल्या खात्यापित्या घरातल्या मुलीला काही आठवड्यांत ही कमतरता कशी होऊ शकते, ग्लुकोजने अपाय होतो म्हणजे नेमके काय होते, आणि बाळाच्या दृष्टीने पुढे कोणती काळजी घ्यावी, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का?

डॉ_शिरीष_म यांचे उत्तर

केतकीताई, तुमच्या जावेला वेळेवर उपचार मिळाले याचा मनापासून आनंद वाटला. मी गेली अनेक वर्षे मेडिसिन विभागात काम करतो आणि हे निदान किती सहज हातातून निसटते हे जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सासूबाईंना आधी सांगा की यात घरच्या अन्नाचा काहीही दोष नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात थायमिनचा एकूण साठा साधारण २५ ते ३० मिलीग्रॅम एवढाच असतो, आणि रोजची गरज १ ते १.५ मिलीग्रॅमच्या आसपास असते. ब-१२ जीवनसत्त्व यकृतात काही वर्षे पुरेल इतके साठून राहते, तसे थायमिनचे नाही. खाणे बंद झाले, किंवा खाल्लेले सगळे उलटून पडू लागले, की दोन ते तीन आठवड्यांत हा साठा तळाला जातो. गर्भारपणात गरज वाढलेली असते, गर्भही आईच्या रक्तातून थायमिन ओढून घेत असतो, त्यामुळे हा काळ आणखी कमी होतो. महिनाभर अन्न न ठरलेल्या कोणत्याही गर्भवतीला, मग ती बंगल्यात राहणारी असो की पालावर, हा धोका सारखाच आहे.

आता ग्लुकोजविषयी. थायमिन शरीरात थायमिन पायरोफॉस्फेट या रूपात काम करते. पेशी ग्लुकोजपासून पायरुवेट तयार करते आणि त्यापुढे पूर्ण ऊर्जा मिळवण्यासाठी पायरुवेट डीहायड्रोजनेज नावाचे एन्झाइम लागते. हे एन्झाइम, आणि ऊर्जाचक्रातले पुढचे आणखी एक महत्त्वाचे एन्झाइम, थायमिनशिवाय चालत नाही. वाट अडल्यामुळे पायरुवेट लॅक्टिक आम्लाकडे वळते, रक्तातले आम्ल वाढते आणि पेशीला ऊर्जा मिळत नाही. मेंदू जवळजवळ संपूर्णपणे ग्लुकोजवर जगतो, हृदयाचा स्नायू क्षणभरही थांबू शकत नाही, म्हणून पहिला मार याच दोघांना बसतो. साठा अगदी काठावर आलेला असताना शिरेतून भरपूर ग्लुकोज सोडले, तर ते जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि तोवर दबून असलेला आजार उघडा पडू शकतो. गावातल्या सलाईननेच सर्व घडले असे मी म्हणणार नाही, कारण इतक्या दिवसांच्या उलट्या हे कारण स्वतःच पुरेसे आहे. मात्र जिल्ह्याच्या डॉक्टरांनी क्रम बदलला तो याच कारणासाठी. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: रुग्णाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असेल, तर थायमिनची वाट पाहत ग्लुकोज रोखून धरायचे नसते, अशा वेळी दोन्ही बरोबरच द्यावे लागते.

तुमच्या जावेला जे झाले त्याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली ज्या तीन रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन केले, त्यांपैकी दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष होते आणि तिसरी होती सल्फ्युरिक आम्ल प्यायल्यानंतर सततच्या उलट्यांनी खंगलेली एक तरुण शिवणकाम करणारी स्त्री. म्हणजे उलट्यांशी असलेला या आजाराचा संबंध पहिल्या वर्णनापासूनच नोंदलेला आहे, तरीही आपल्याकडे हा आजार फक्त दारूशी जोडला जातो आणि दारूला कधी न शिवलेली बाई समोर असली की तो डॉक्टरांच्याही मनात येत नाही. मला ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण वाटते.

पुस्तकात याची तीन लक्षणे एकत्र दिलेली असतात: डोळ्यांच्या हालचालीतील बिघाड, चालताना तोल जाणे आणि मानसिक गोंधळ. प्रत्यक्षात ती एकत्र क्वचितच भेटतात. ऑस्ट्रेलियात शवविच्छेदनाने निदान झालेल्या १३१ रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला, त्यात तिन्ही लक्षणे एकत्र असल्याची नोंद केवळ १६ टक्के रुग्णांच्या कागदपत्रांत होती, आणि हयातीत निदान झालेले रुग्ण सुमारे २० टक्केच होते. नुसता सुस्तपणा, नुसती भोवळ किंवा नुसते ‘नीट बोलत नाही’ एवढ्यावरच शंका घ्यावी लागते ती यामुळे. रक्तातील थायमिन मोजण्याची तपासणी थोड्या ठिकाणी होते आणि अहवाल यायला दिवस जातात. एमआरआय नॉर्मल आला तरी हा आजार नाही असे म्हणता येत नाही. उलट थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे आणि त्याची गंभीर ॲलर्जी अत्यंत विरळा आहे. म्हणून शंका आली की आधी द्यावे आणि तपासणीचा विचार नंतर करावा, या मताचा मी ठाम पुरस्कर्ता आहे.

डोळ्यांच्या हालचाली सहसा काही तासांत ते काही दिवसांत सुधारतात, तोल सावरायला आठवडे किंवा महिने लागतात. तुमची जाऊ याच वाटेवर आहे. तिला एकटीला न्हाणीघरात जाऊ देऊ नका. रक्तातील मॅग्नेशियम तपासले आहे का तेही विचारा, कारण ते कमी असले तर थायमिन देऊनही अपेक्षित गुण येत नाही, आणि सततच्या उलट्यांमध्ये ते कमी होऊ शकते.

वसंत_गो यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू नीट मांडली आहे. बेरीबेरी हा उपाशी माणसांचा रोग, या समजुतीपुरते इतिहासातले एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्याचा पुण्याशी थेट संबंध आहे.

पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने तिला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली तोवर वेढ्याचे १४७ दिवस झाले होते. या काळात एकाच गावात, एकाच गोळीबाराखाली राहणाऱ्या दोन गटांना दोन वेगळे आजार झाले. ब्रिटिश सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस मिळत होते, त्यांच्यात बेरीबेरी पसरली. हिंदी सैनिक कोंड्यासकट दळलेली कणीक खात होते, ते बेरीबेरीपासून बचावले. मात्र ताजी भाजी नाही आणि बहुतेकांनी घोड्याचे मांस बराच काळ नाकारले, त्यामुळे त्यांना क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने गाठले. पुढे शिधा आटत गेला, तेव्हा ब्रिटिशांच्या पावातही सातूचे पीठ आणि कणीक मिसळावी लागली, आणि शिधा अधिक वाईट झालेला असताना त्यांची बेरीबेरी ओसरू लागली. जास्त शुभ्र आणि ‘वरच्या दर्जाचे’ अन्न मिळणाऱ्यालाच हा रोग झाला होता, हे सासूबाईंना आवर्जून सांगा.

जपानी आरमाराचा अनुभवही असाच आहे. १८८२-८३ मध्ये ‘र्‍युजो’ या जहाजाच्या लांबच्या सफरीत ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ जण दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी पांढऱ्या भातावरचा भर कमी करून सातू, मांस, दूध असा शिधा लावून १८८४ मध्ये दुसरे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवले, तेव्हा रुग्ण निघाले अवघे १४ आणि मृत्यू एकही झाला नाही. ताकाकींचा समज प्रथिने कमी पडत असल्याचा होता, म्हणजे उपाय बरोबर आणि कारण चूक. जपानच्या लष्कराने मात्र पांढरा भात सोडला नाही आणि १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात सुमारे २७ हजार सैनिक या एका रोगाने गेले.

आपल्याकडे जुन्या मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या आंध्रच्या बाजूला, बेरीबेरी घर करून होती. तिथे न उकडलेला, कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ खाण्याची रीत होती. जिथे उकडा तांदूळ खात तिथे ती फारशी दिसत नसे. आपल्या कोकणात आणि गोव्यात भात भिजवून मोठ्या भांड्यात उकडतात, अंगणात वाळवतात आणि मग भरडतात. या उकडण्यात कोंड्यातले थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरते, त्यामुळे नंतर तूस आणि कोंडा गेला तरी बराच भाग दाण्यात राहतो. पेज पिण्याची पद्धत असल्याने शिजवलेल्या पाण्यात उतरलेलेही वाया जात नाही.

डॉ_मृणाल यांचे उत्तर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळाबद्दलच्या प्रश्नाला धरून एक मुद्दा मांडते, कारण तो प्रसूतीनंतर उपयोगी पडेल.

आईच्या शरीरात थायमिन कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते, आणि केवळ अंगावर पिणारे बाळ दोन ते चार महिन्यांचे असताना अचानक गंभीर आजारी पडू शकते. आई वरून निरोगी दिसते, बाळाचे वजनही चांगले असते, आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. बाळ दूध ओढेनासे होते, उलट्या करते, धाप लागते, किरकिर थांबत नाही. यातले एक लक्षण ज्याने एकदा पाहिले त्याच्या ते कायम लक्षात राहते: बाळ तोंड पूर्ण उघडून, चेहरा लाल करून रडत असते आणि आवाज मात्र घोगरा येतो किंवा येतच नाही, कारण स्वरयंत्राच्या नसा दुर्बल झालेल्या असतात. हृदय निकामी होऊन काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. अशा बाळाला थायमिन दिल्यावर काही तासांतच श्वास शांत होतो आणि रक्तातले आम्ल उतरू लागते. वैद्यकात इतका झपाट्याने गुण देणारे उपचार फार थोडे आहेत.

ही जुन्या काळची गोष्ट नाही. काश्मीर खोऱ्यात बाळंतिणीला पांढरा भात आणि मोजकेच पदार्थ देण्याच्या पथ्यामुळे अशी बाळे रुग्णालयात येत असल्याचे तिथल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत लिहिले आहे, आणि कर्नाटकातून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब एकाएकी वाढलेल्या, केवळ स्तनपानावर असलेल्या अशाच बाळांची नोंद झाली आहे. इस्राएलमध्ये २००३ साली सोयाबीनच्या एका बाळदुधात थायमिन राहून गेले होते. तेव्हा काही बाळे दगावली. पुढे असे दिसले की, ज्या मुलांना त्या वेळी ठळक लक्षणेही नव्हती, त्यांच्यापैकी बहुतेकांना पाच-सहा वर्षांची झाल्यावर वाक्यरचना समजण्यात आणि नेमके शब्द आठवण्यात अडचणी येत होत्या. तान्ह्या मेंदूला थोड्या आठवड्यांची उणीवही किती महागात पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे घाटावर बाळंतिणीला बाजरीची भाकरी, तीळ, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, डाळ-मेथी देण्याची रीत आहे, ती थायमिनच्या दृष्टीने फार चांगली आहे. काही घरांत मात्र ‘बाळाला बाधेल’ म्हणून डाळी आणि भाज्या महिनोन् महिने बंद ठेवून तूप-भातावर बाळंतिणीला ठेवतात. तुमच्या घरी कृपया ते करू नका.

सुहास_नगर यांचे उत्तर

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करतो. वरच्या चर्चेत दारूचा उल्लेख ओझरता आला, तो योग्यच आहे, कारण मूळ प्रश्न वेगळा आहे. तरीही हा धागा ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे असे लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहितो.

रोज पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे खातो त्यातले थायमिन आतड्यातून शोषले जाण्यात दारू अडथळा आणते. दारू अचानक थांबवल्यावर तो बडबडू लागला, लडखडू लागला, की ‘उतरत नाही म्हणून असे करतो’ असे म्हणून घरचे त्याला निजवून ठेवतात. त्या वेळी इंजेक्शन मिळाले नाही तर कोर्साकॉफचा स्मृतिभ्रंश मागे राहू शकतो. एका गृहस्थांना मी दुपारी विचारले, ‘दादा, जेवलात का?’ त्यांनी सकाळी आठवडी बाजारातून मेथी कशी आणली, भाव काय होता, वाटेत कोण भेटले हे सगळे अगदी खरे वाटेल असे सांगितले. ते कित्येक दिवस वॉर्डाबाहेर पडलेलेच नव्हते. ते खोटे बोलत नव्हते. नवी आठवण टिकत नसल्याने मेंदू रिकामी जागा भरून काढत होता. जुने सगळे आठवत होते, बायकोने पाच मिनिटांपूर्वी दिलेला चहा आठवत नव्हता. अशा रुग्णांत थोडीफार सुधारणा होते, पूर्ण भरपाई फार थोड्यांत होते. रुग्णालयात नेल्यावर किती पितो हे लपवू नका, एवढीच नातेवाइकांना कळकळीची विनंती आहे.

केतकी_व

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे उत्तर आणि कूतच्या वेढ्याची हकीकत मी सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांच्या मनावरचे ओझे बरेच उतरले. मॅग्नेशियम कमी निघाले होते आणि त्याचे सलाईन सुरू केले आहे, असे दिरांनी विचारल्यावर कळले. आता आणखी दोन शंका आहेत. घरी आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या पुरतील का? आणि उलट्या पुन्हा वाढल्या तर नेमके काय करावे?

डॉ_शिरीष_म

केतकीताई, साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीवर आत्ता विसंबून राहू नका. निरोगी माणसाची रोजची गरज त्या गोळीने भागते, पण रिकामा झालेला साठा भरायला बराच मोठा डोस लागतो. शिवाय तोंडावाटे घेतलेल्यातले आतडे एका वेळी थोडेच शोषून घेते, आणि उलटी झाली तर तेही जाते. म्हणून इंजेक्शनांचा कोर्स डॉक्टर सांगतील तितका पूर्ण होऊ द्या आणि नंतर थायमिनच्या वेगळ्या गोळ्या लिहून घ्या. उलट्या थांबवणारी औषधेही नियमित चालू ठेवावीत; गर्भारपणात देता येतील अशी औषधे आहेत आणि बाळाच्या भीतीने ती टाळून बाईला उपाशी ठेवण्यात बाळाचाच तोटा अधिक आहे. या आजारात गर्भपाताचा धोका बराच वाढतो, त्यामुळे सोनोग्राफीच्या तारखा चुकवू नका.

खाणे ठरू लागले की थोडे-थोडे, दर दोन तासांनी द्या. मुगाचे कढण, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी घालून भाकरीचा तुकडा, उकड्या तांदळाची पेज, मोड आलेली मटकी, असे जे आवडेल ते चालेल. मांसाहार चालत असेल तर तोही द्यावा. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नका, त्याने थायमिन नष्ट होते. तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका आणि भात वेळून पाणी फेकू नका. जेवणाला लागून चहा नको, आणि सुपारीची सवय असेल तर ती सोडावी, कारण दोन्हींतली टॅनिनसारखी द्रव्ये थायमिन निकामी करतात.

दुसऱ्या शंकेबद्दल: दिवसभरात पाणीही ठरले नाही, लघवी कमी आणि गडद झाली, पुन्हा दोन-दोन दिसले, बोलणे तुटक झाले, किंवा पायांना मुंग्या आणि धाप ही लक्षणे दिसली, तर उजाडण्याची वाट पाहू नका. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी सलाईन लावण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि स्पष्ट सांगा की हिला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी होऊन गेली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे. दिरांना ते वाक्य डिस्चार्ज कार्डच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायला सांगा, म्हणजे रात्री-अपरात्री बरोबर कोणीही असले तरी ते डॉक्टरांच्या नजरेस पडेल.